आजीच्या कवितांना कव्हर मिळालं!

आजीच्या कवितांचं हाताने शिवलेलं पुस्तक, कॉपी फक्त ४०, त्यामुळे कुणी ऑर्डरच घेईना, शेवटी गिरगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांकडे गेले. बाइंडिंगच्या निळ्या कापडावर पांढऱ्या शाईत जाईच्या फुलांचं स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) इतकं सुंदर आलंय ना, बोट फिरवलं तर एकेक पाकळी हाताला लागते! नाव सोनेरी फॉइलमध्ये, म्हणजे गरम ठशाने दाबून चिकटवलेल्या चकचकीत पातळ थरात. पहिल्या ट्रायलला वेलांटी तुटली, कापड खरबरीत असल्यामुळे फॉइल खळग्यांत बसतच नव्हती, मग काकांनी डाय (अक्षरांचा ठसा) अजून तापवून, प्रेशर वाढवून परत मारून दाखवलं, आणि वेगळे पैसे नाही घेतले. डिलिव्हरी मात्र चार दिवस लेट, पावसाळी हवेत शाई वाळेना. अगदी बारीक अक्षरं असतील तर अशा कापडावर फॉइल नका करू, स्क्रीनच करा.