पसंतीचा नंबर घ्यावा, की पडेल तो चालवावा?

शोरूममध्ये ‘चॉइस नंबर हवाय का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी निघतो. खरं तर तो सगळ्यात आधी सुटायला हवा. हल्ली नव्या गाडीचं पासिंग शोरूममधूनच ऑनलाइन होतं. कर भरला की चालू सिरीजमधला नंबर गाडीला पडतो. तो एकदा पडला की नंतर मनात आलेला जन्मतारखेचा आकडा मनातच राहतो. म्हणून बुकिंगच्या दिवशीच ठरवा आणि शोरूमला तसं स्पष्ट सांगून ठेवा.

आपल्याकडे निवड फक्त शेवटच्या चार आकड्यांची असते, ०००१ ते ९९९९. एमएच, आरटीओचा क्रमांक आणि सिरीजची अक्षरं आपल्या हातात नसतात. अमेरिकेतला नातेवाईक पाटीवर आडनाव घालून घेतो, तसं इथे होत नाही.

पात्र असाल, तर आधी बीएच, म्हणजे देशभर चालणाऱ्या ‘भारत’ सिरीजचा विचार करा. संरक्षण दलातले, केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले लोक यांच्यासाठी ती २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात नंबर संगणक देतो, पसंतीला वाव नाही. पण दुसऱ्या राज्यात बदली झाली की पुन्हा नोंदणी करावी लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. बदलीची नोकरी असेल, तर माझ्या मते कुठल्याही देखण्या नंबरापेक्षा ही सोय मोठी आहे.

आता पैशांकडे येऊ. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने पसंतीच्या क्रमांकांचं शुल्क बरंच वाढलं. चारचाकीसाठी ०००१ चे ३ लाखांचे ५ लाख झाले, आणि मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या मागणीच्या ठिकाणी ६ लाख. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ यांना अडीच लाख. त्याखाली १ लाखाचा आणि ७० हजारांचा असे टप्पे आहेत. ००११, ००२२, ००८८, ४२४२, ५६५६ अशा जोडीच्या आकड्यांना २५ हजार पडतात. दुचाकीला हेच दर बरेच कमी आहेत: ०००१ ला १ लाख, जोडीच्या आकड्यांना ६ हजार.

हे आकडे गाडीच्या किमतीशेजारी ठेवून पाहा. ८ लाखांच्या पेट्रोल कारला ११ टक्क्यांनी रोड टॅक्स होतो ८८ हजार. ७० हजारांचा नंबर घेतलात, तर जवळजवळ दुसरा रोड टॅक्सच भरलात. शिवाय विम्यात हा पैसा धरला जात नाही. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, कंपनीच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून ठरते, नंबरासाठी काय मोजलं याचा तिथे संबंध नसतो. उद्या गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर ती रक्कम परत येणार नाही. तेव्हा ‘नंबर म्हणजे गुंतवणूक’ असं कोणी सांगितलं, तर मनावर घेऊ नका. हौस असेल तर हौस म्हणूनच खर्च करा. त्यात वाईट काहीच नाही.

ज्यांना नंबरातल्या आकड्यांची ठरावीक शुभ बेरीज हवी असते त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच विनाकारण जातात. अनेकांना ०००९ नको असतो, ‘बेरीज नऊ’ हवी असते. ही बेरीज म्हणजे नंबरातले आकडे शेवटी एकच आकडा उरेपर्यंत मिळवत जायचे: ६१३८ चे आधी १८, मग ९. एकूण ९९९९ नंबरांत १ ते ९ या प्रत्येक बेरजेच्या वाट्याला बरोबर ११११ नंबर येतात. म्हणजे पडेल तो नंबर घेतला, तरी नऊपैकी एका गाडीला तुमची बेरीज फुकट मिळते. तेवढ्यावर सोडायचं नसेल, तर वरच्या दरांच्या यादीबाहेरचा, कोणी मागत नसलेला नंबर घ्या. ४५२७ ची बेरीजही नऊच होते आणि त्याच्यासाठी कोणी लिलावात उतरत नाही. लग्नाची तारीख, मुलीचा वाढदिवस, वडिलांच्या जुन्या स्कूटरचा नंबर, हे सगळे बहुधा याच गटात सापडतात. माझा कौल याच पर्यायाला आहे: खर्च यादीतल्या नंबरांपेक्षा कमी आणि आकड्याला घरातला अर्थ.

यादीतलाच नंबर हवा असेल, तर सिरीज कुठवर आली आहे ते बघा. चालू सिरीजमधला मोकळा नंबर आता परिवहन खात्याच्या पोर्टलवर, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन, घरबसल्या राखून ठेवता येतो. पण चांगले आकडे सिरीज उघडतानाच जातात. नवी सिरीज उघडण्याआधी आरटीओ तारीख जाहीर करतं. ठरलेल्या वेळेत अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मूळ शुल्काचा डीडी द्यायचा. एका नंबरावर एकापेक्षा जास्त अर्ज आले, की त्यांची यादी लागते आणि मग बंद लिफाफ्यात वाढीव रकमेचा डीडी द्यावा लागतो. ज्याची रक्कम जास्त, त्याला नंबर. समोरच्याने किती भरलेत हे कळत नसल्यामुळे लोक भरात फार पुढे जातात. लिफाफा बंद करण्याआधी घरी बसून कमाल रक्कम कागदावर लिहा आणि त्यावर जाऊ नका.

चारचाकीची सिरीज पुढे निघून गेली असेल, तर तिप्पट शुल्काचा रस्ता उरतो. दुचाकीची नवी सिरीज उघडताना तिच्यातला नंबर तिप्पट पैसे भरून कारला घेता येतो. पुणे आरटीओच्या जाहीर सूचनांमध्ये हे नेहमी वाचायला मिळतं. २५ हजारांचा नंबर मग ७५ हजारांना पडतो आणि मोठ्या शहरात ०००१ थेट १८ लाखांवर जातो. घरातल्या प्रत्येक गाडीला एकच नंबर ठेवणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत, त्यांची भावना मी समजू शकतो. बाकीच्यांनी पुढच्या सिरीजची वाट पाहावी. मोठ्या शहरांत ती लवकर येते, दसरा-पाडव्याच्या आसपास तर आणखी लवकर. आणखी एक गोष्ट: २०२४ च्या बदलानंतर राखीव क्रमांक पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करता येतो. पूर्वी ही सोय नव्हती.

राहिला शेवटचा मार्ग, रस्त्याकडेच्या दुकानातून पाटी रंगवून घेण्याचा. ४१४१ चं ‘दादा’, २१४ चं ‘राम’ ही कलाकुसर गावोगाव दिसायची. आता तिच्या नादाला लागू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट येते: अ‍ॅल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला पाटीचा स्वतःचा क्रमांक, एकदा बसवली की न निघणारं लॉक. त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. कारच्या पाटीवर आकड्याची उंची ६५ मिलिमीटर आणि वळण सगळ्यांना सारखंच. म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेला ४१४१ सुद्धा ४१४१ असाच दिसणार. अक्षर वाचलं जावं एवढ्यासाठी नंबर घेत असाल, तर तो खर्च वाचवा.

मुहूर्तावर गाडी आणायची असेल, तर दिवस मोजून ठेवा. नोंदणीचा नंबर गाडीवर लागल्याशिवाय शोरूमने ती ताब्यात द्यायची नाही, असं २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. म्हणून आधी नंबर राखून पावती घ्यायची, तिची मुदत बघायची, ती शोरूमला द्यायची आणि मगच कर भरू द्यायचा. पावतीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि गाडीच्या बिलावरचं नाव एकच आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी तपासा.