माझगाव की शिवडी? दोन्हीकडे राहून झालंय म्हणून सांगतो

मुंबईची हार्बर लाईन सोडायची नाही पण माझगाव की शिवडी यावर घरात चर्चा अडलीय, अशांसाठी लिहितोय. शिवडीच्या टॉवरमध्ये दीड वर्ष भाड्याने होतो, आता माझगावात डॉकयार्ड रोडला जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर.

शिवडीत सोयी खरंच आहेत. लिफ्ट, पार्किंग, २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून उरणचं सासर एकदम जवळ आलं, थंडीत मुलांना घेऊन जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला जायचो. माझगावला लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला ओल धरते, आईचे गुडघे दुखतात. हे सगळं मान्य.

पण शिवडीत मला खटकलं ते गेट. भाऊच्या धक्क्यावरून मासे विकायला आणणारी आमची मावशी त्याच प्लॉटवरच्या जुन्या चाळीतली, चाळ पाडली तिथे आता टॉवरचा पोडियम आहे आणि तिला मागे रिहॅब बिल्डिंगमध्ये खोली मिळाली, मध्ये भिंत, गेट वेगळं. आमच्याकडे यायचं तर वळसा घालून पुढच्या गेटवर, मग माझ्या मोबाईलवर ॲपची परवानगी, आणि मी त्या वेळेला लोकलमध्ये, फोन लागत नाही. एकदा पाऊण तास उभी होती, पाटीतला बर्फ वितळून पाणी साडीवर. शेवटी आई पातेलं घेऊन खाली गेली आणि दोघींनी फुटपाथवर बसून बोंबील साफ केले. जिथे तिचं लग्न झालं, पोरं वाढली, तिथेच तिने विचारून आत यायचं हे मला नाही पटलं.

माझगावात ती थेट वर येते, उंबऱ्यात बसते, चहा घेते.

तुमचं वेगळं असेल, दोघंही नोकरीला आणि घरी म्हातारं माणूस नसेल तर शिवडी कदाचित बरी पडेल. माझगावात पगडीची (एकरकमी पैसे देऊन भाडेकरूचा हक्क घ्यायची) खोली घेणार असाल तर भाडेपावती नावावर होतेय ना ते आधी बघा. बिल्डिंग उपकरप्राप्त असेल, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, १९६९ च्या आधीची, तर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली रिडेव्हलपमेंटमध्ये भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. रुळांच्या पूर्वेला मात्र बरीचशी जमीन पोर्टची, लीजवर, तिथे वकिलाला कागद दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि टॉवर बघायला गेलात तर सॅम्पल फ्लॅट बघून झाल्यावर मागच्या गेटनेही एकदा जाऊन या, तिथल्या बायकांशी बोला.