असिस्ट ठेवायचे की काढायचे? आधी हातात काय आहे ते बघा

सांगलीच्या मावसभावाने गाड्यांच्या रेसिंग गेमसाठी कंट्रोलर घेतला आणि त्याच रात्री त्याचा फोन, "दादा सगळे असिस्ट काढलेत, पहिल्याच वळणाला गाडी गरगर फिरतीय, कंट्रोलर खराब आलाय का?" असिस्ट म्हणजे गाडी चालवताना गेम आपल्याला आपोआप जी मदत करतो ती. कंट्रोलर चांगला होता. याने कुठंतरी ऐकलेलं की असिस्ट लावून खेळतात ते कच्चे लिंबू, म्हणून एका झटक्यात सगळं ऑफ.

आता खऱ्या एफ वनमध्ये एबीएसवर (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारं) १९९४ पासून आणि ट्रॅक्शन कंट्रोलवर (ॲक्सिलरेटर देताना चाक जागेवर फिरू न देणारं) २००८ पासून बंदी आहे हे खरं. पण जीटी३ च्या, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसगाड्यांमध्ये दोन्ही असतात आणि तिथले पट्टीचे ड्रायव्हर रेस चालू असतानाच त्यांची लेव्हल कमीजास्त करत असतात, त्यांना कोण कच्चा लिंबू म्हणणार सांगा. म्हणून मी सरळ दोन भाग करतो, काही असिस्ट गाडीचे असतात आणि काही तुमच्या वाटचं खेळून देतात.

दुसऱ्या भागातले म्हणजे स्टिअरिंग असिस्ट आणि आपोआप लागणारा ब्रेक. हे आजच काढा. वर्षभर खेळलात तरी ब्रेक कुठं लावायचा ते कळणार नाही कारण तो तुम्ही लावतच नाही.

रेसिंग लाइनचं, म्हणजे कुठून जायचं ते ट्रॅकवर दाखवणाऱ्या पट्टीचं, थोडं वेगळं आहे. पूर्ण लाइन ठेवली की डोळे त्या पट्टीला चिकटतात, पुढचं वळण दिसतच नाही आणि समोर कुणी गाडी आडवी घातली तरी लाइन आपली तिथूनच जाते. फक्त ब्रेकिंगची लाइन ठेवा, म्हणजे ब्रेक कुठं लावायचा तेवढंच दिसतं, नवीन ट्रॅकवर मी पण ठेवतो, लाज कसली त्यात.

एबीएस म्हणजे काय ते मला गेममध्ये नाही, यवतेश्वर घाटात कळलं. पावसाळा, पप्पांची जुनी बाईक, वळणावर समोर म्हैस. घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला, चाक जाम, आणि गाडी वळायच्या ऐवजी घसरत सरळ गटारीकडं. म्हैस जागची हलली पण नाही. चाक फिरायचं थांबलं की टायरची पकड कमी होते, आणि चारचाकीत पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा ती ऐकत नाही. एबीएस ब्रेक क्षणभर सोडून परत धरतं, सेकंदात कितीतरी वेळा, म्हणून चाक फिरत राहतं. ट्रॅक्शन कंट्रोल याच्या उलट बाजूला, वळणातून निघताना जास्त ॲक्सिलरेटर दिला आणि चाक जागेवर फिरायला लागलं की इंजिनची ताकद कापतं. ताकद कापली म्हणजे थोडा वेळ जातो, पण गाडी फिरून गवतात गेली तर त्याच्या दहापट जातो.

आणि इथंच हातात काय आहे ते येतं. कीबोर्डवर बटण एकतर दाबलेलं किंवा सोडलेलं, मधलं काही नाही, म्हणजे ब्रेक शून्य नाहीतर शंभर टक्के. काही गेम बटणाचा झटका थोडा मऊ करतात पण बोटाला अंदाज येत नाही तो नाहीच. तिथं एबीएस काढणं म्हणजे हौसेनं पायावर धोंडा. कंट्रोलरच्या ट्रिगरला (मागच्या बाजूचं दाबायचं बटण) चाल असते पण ती बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, त्यात सत्तर टक्के आणि ऐंशी टक्के यातला फरक पकडायला महिना जातो. पायात पेडल असेल, त्यातही दाब मोजणारं लोडसेलवालं, तरच एबीएस ऑफचा विचार करा.

गेमप्रमाणे पण हिशोब बदलतो. फोर्झा होरायझन ५ मध्ये असिस्ट काढले की क्रेडिटचा (गेममधल्या पैशांचा) बोनस वाढतो, चुकलं तर रिवाइंड करून थोडं मागं जाता येतं, म्हणून प्रयोग करायला ही जागा सगळ्यात स्वस्त. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल शून्य ते पाच असं असतं, एबीएसला पण मधली वीक सेटिंग आहे, म्हणजे एकेक पायरी उतरता येते, मला शिकायला हीच पद्धत जास्त आवडली (प्लेस्टेशन पाहिजे ही अडचण आहेच). असेटो कोर्सामध्ये फॅक्टरी नावाची सेटिंग असते, खऱ्या गाडीत जे असेल तेवढंच मिळतं. फेरारी एफ४० घेतली तर एबीएस नाही, ट्रॅक्शन नाही, कारण मूळ गाडीतच नव्हतं. पहिल्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नका राव.

स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरून फिरायला लागली की तिला आपोआप सावरणारं असिस्ट, मात्र ट्रॅक्शनच्या आधी काढा. ते गाडीला फिरूच देत नाही, अवघड वळणात नाक बाहेरच जात राहतं आणि आपल्याला वाटतं गाडीच जड आहे. ऑटो गिअरचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये वळणाआधी खालचा गिअर टाकून इंजिनचा ब्रेक वापरता येतो, फायदा नक्की आहे, पण कीबोर्डवर बोटं पुरत नसतील तर राहू द्या.

भावाला शेवटी लावून दिलं ते असं: एबीएस चालू, ट्रॅक्शन तीनवर, स्टॅबिलिटी बंद, लाइन फक्त ब्रेकिंगची, गिअर ऑटो. एका ट्रॅकवर सलग दहा लॅप न घसरता झाले की ट्रॅक्शन दोनवर आणायचं. काल विचारलं तर म्हणाला सात झाले, आठव्याला लाइट गेली.