सायकल डवरा : एका खरिपानंतरचा अनुभव

जूनमध्ये घेतला, आता डिसेंबर आहे. सहा महिने झाले, म्हणून लिहितो. सायकल डवरा म्हणजे ओळींमधलं तण कापायला हातानं ढकलायचं एकचाकी अवजार. दुकानाचा किंवा कंपनीचा प्रश्नच नाही, कारण हा डवरा गावाजवळच्या वेल्डिंगवाल्यानं जुन्या सायकलच्या चाकावर बनवून दिला. १९०० रुपये घेतले. सोबत ६ आणि ९ इंचाच्या दोन फासा, म्हणजे मातीखालून तण कापणारी पाती, आणि सरी पाडायचा एक छोटा रिजर.

वावर कळमेश्वर तालुक्यात, काळी भारी जमीन. तीन एकर सोयाबीन, दीड एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. मी नागपुरात नोकरी करतो, त्यामुळे शेती सकाळची आणि रविवारची.

घ्यावा लागला तो माझ्याच चुकीनं. आर्द्रा लागता लागता पेरणी झाली. पेंडीमिथॅलीनची, म्हणजे तण उगवायच्या आधी मारायच्या तणनाशकाची, बाटली घरात आणून ठेवली होती. ते पेरणीनंतर ४८ तासांत, फार तर ७२ तासांत, ओल असताना जमिनीवर मारायचं असतं. शनिवारी पेरलं, रविवारी मारू म्हणून नागपूरला परतलो आणि रात्रीच पाऊस सुरू झाला. चार दिवस वावरात पाय घालता आला नाही. पाचव्या दिवशी गेलो तर सोयाबीन मान काढत होतं आणि त्याच्या आधी तण उगवून बसलं होतं.

बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे. "काहून रे, औषध नाई मारलं?"

काय सांगणार?

शहरातल्या एका कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं, "आता मारून द्या, काही तरी तर मरंल." ऐकलं नाही ते बरं झालं. पेंडीमिथॅलीन बी रुजतानाच काम करतं. उगवलेल्या तणाला ते काही करत नाही, आणि पीक वर आल्यावर ते मारायचंही नसतं.

मग राहिले तीन रस्ते. निंदणाला, म्हणजे हातानं तण काढायला, बाया लावायच्या : आमच्याकडे २५० रुपये रोज, पहिल्या निंदणाला एकरी दहा तरी लागतात, आणि त्या आठवड्यात सगळ्या गावालाच त्या हव्या असतात. बैलाचा डवरा : आमच्याकडे बैल नाहीत, भाड्यानं सांगितला तर आपला नंबर चार दिवसांनी, तोवर पुन्हा पाऊस. तिसरा रस्ता म्हणजे उगवल्यानंतरचं तणनाशक, पण त्याला तण दोन ते चार पानांवर असताना वावरात शिरायला मिळालं पाहिजे. सोयाबीनचे पहिले ३० ते ४५ दिवस तणात गेले की नंतर कितीही वावर साफ करा, शेंगा धरायच्या तेवढ्याच धरतात.

सायकल डवऱ्याचा माझ्या दृष्टीनं एकच मोठा गुण : कुणाची वाट पाहावी लागत नाही. काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे वावरात काम करता येईल अशी बेताची ओल, दीड दिवस टिकतो, कधी तेवढाही नाही. त्या दीड दिवसात डवरा आपल्या घरात असला पाहिजे. बाकीचे सगळे गुण त्याच्यानंतर.

वाफसा ओळखायची बाबांची रीत मी यंदा शिकलो. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि अंगठ्यानं ढकलायचा. फुटला तर चला, चेपला तर घरी जा. एकदा चेपला तरी मी गेलो. वीस पावलांत चाकाच्या चिमट्यात चिखल असा भरला की चाक फिरेना. डवरा नुसता ओढत आणला, अर्धा तास काडीनं चिखल कोरला. बनवताना चाक आणि चिमट्यात बोटभर जास्त जागा ठेवायला सांगा. हा माझ्या डवऱ्याचा सगळ्यात मोठा दोष आहे.

वाफसा बरोबर असला की आवाजच वेगळा येतो. फास मातीखाली इंचभर सरकते, खर्र खर्र करत. मागे वळून पाहिलं तर गवत उभंच दिसतं, कापलं की नाही तेही कळत नाही, आणि दुपारच्या उन्हात सगळं माना टाकतं. हे तण बोटभर असेपर्यंतच. वीतभर झालं की फास त्याच्यावरून उडी मारते.

मेहनतीबद्दल कुणी खरं सांगत नाही, म्हणून हिशेब देतो. १८ इंचाच्या ओळी असतील तर एका एकरात ९ किलोमीटर चाल होते. तीही सरळ चाल नाही, पुढे ढकल, थोडं मागे घे, पुन्हा ढकल. माझ्यानं सकाळी सहा ते दहा अर्धा एकर झाला. धाकटा भाऊ पाऊण एकर करतो, पण तो सत्तावीसचा आहे. हँडल मला ठेंगणं पडतं, कंबर दोन दिवस बोलत होती.

तेराव्या दिवशी ९ इंची फास लावून दोन एकर डवरले. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच सुटतात आणि तिथलं तण तसंच राहतं. दोन ओळींमधलं साफ, ओळीतलं जिवंत. कोणतंही डवरणं इथंच अडतं. म्हणून विसाव्या दिवशी फक्त ओळीवर पट्टा फवारणी केली : इमॅझेथापायर १० टक्के (सोयाबीनमधलं उगवल्यानंतरचं तणनाशक), एकरी ४०० मिली आणि २०० लिटर पाणी हे पूर्ण फवारणीचं प्रमाण. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली तेच ठेवलं, पण पट्टाच मारायचा असल्यानं एकराला तेराऐवजी सात पंप लागले. नोझल चपट्या फवाऱ्याचं. मध्ये सात दिवस मुद्दाम सोडले होते, कारण डवरल्या डवरल्या तण मातीनं माखलेलं आणि दुखावलेलं असतं, औषध नीट घेत नाही. फवारल्यावरही आठ-दहा दिवस डवरा बाहेर काढला नाही.

तिसरा एकर खोलगट. तिथं पाणी साचून वाफसाच आला नाही. डवरणं नाही, फवारणी सव्विसाव्या दिवशी, केना नावाचं तण तोवर हातभर पसरलेलं. केना पिवळा पडला, आठवडाभर लोळला आणि पेरांवरून पुन्हा फुटला. बाकीच्या दोन एकरांत तेच औषध, तोच पंप, तोच माणूस. शेवटी त्या एकरात बाया लावल्याच. सोयाबीन तिथं एकरी चार क्विंटलला आलं, बाकी दोन एकरांत सहाच्या आसपास. यात पाणी साचल्याचाही वाटा आहे, सगळं पाप तणाच्या माथी मारत नाही.

केन्याबद्दल आणखी एक. डवऱ्यानं तुटलेला केना ओल्या जमिनीवर पडू देऊ नका. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, एकाचे पाच होतात. मी टोपल्यात वेचून धुऱ्यावर टाकला. मोथ्याला तर डवरा म्हणजे नुसती हजामत : गाठ खाली शाबूत, आठ दिवसांत कोंब वर. तरोटा आणि कुंजरू मात्र फासेला लगेच कापले जातात. कुंजरूची भाजी आईनं दोनदा केली, तेवढाच तणाचा फायदा.

तिसाव्या दिवशी रिजर लावून सोयाबीनला माती लावली. ओळीतलं बारीक तण त्या मातीखाली दबलं. बैलाच्या डवऱ्याला दोर गुंडाळून सऱ्या पाडतात ना, तेच काम, सरी मात्र उथळ.

पऱ्हाटीत अनुभव मध्यम. ओळी चार फुटांच्या, म्हणजे एका पट्ट्यात तीन-चार फेऱ्या. तिथं पॉवर वीडर किंवा बैलच बरे. आणि सोयाबीनचं इमॅझेथापायर पऱ्हाटीवर उडू द्यायचं नाही, तिचं औषध वेगळं, पायरीथायोबॅक. शेजाऱ्याची 'चोर बीटी' होती, म्हणजे ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारी पऱ्हाटी. तिला सरकारी मान्यता नाही, तरी गावोगाव आहे. त्यानं वाऱ्यात ग्लायफोसेट मारलं आणि माझ्या धुऱ्याकडच्या तीन ओळी वाकड्या झाल्या. पोळ्यापर्यंत बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला दोघं एकाच गाडीवर नागपूरला गेलो.

टिकाऊपणा : मूळ फास पातळ पट्टीची होती, तीन आठवड्यांत बोथट. लोहाराकडून जुन्या गाडीच्या पाट्याची करून घेतली, २५० रुपये, अजून धार आहे. नट दर दोन तासांनी ढिले होतात, पाना खिशात ठेवतो. दोन आरे वाकले. चाकाला हवा भरायची भानगड नाही, नुसती लोखंडी रिंग आहे.

डवऱ्याचा सहा महिन्यांचा खर्च सगळा धरून २४०० च्या आत. दोन एकरांत बाया एकदाच लावल्या, तेही ओळीतलं उरलेलं उपटायला, एकरी तीन.

पुढच्या वर्षी पेरणीच्या दिवशी पंप वावरातच ठेवणार आहे, पेरून झालं की लगेच फवारणी. डवरा सध्या हरभऱ्यात चालू आहे, ६ इंची फासेवर. हँडल दीड वीत उंच करून घ्यायचं आहे. लोहार म्हणतो बुधवारी ये, गेल्या बुधवारीही तेच म्हणाला होता.