जुना मॅसी १०३५ घरी खोलावा का?

मॅसी फर्ग्युसन १०३५ हा ट्रॅक्टर जुना विकत घेऊन घरच्या खळ्यात, गावातल्या मिस्तरींच्या मदतीने पुन्हा उभा करता येतो का, आणि येत असेल तर पैसा व कष्ट नेमके कोठे घालावेत, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या पाच महिन्यांच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र काम हाती घेताना माझ्या डोक्यात जे होते, त्याच्या अगदी उलट निघाले.

ट्रॅक्टर १९९४ चा. चोपडा तालुक्यातील एका नातेवाइकांच्या खळ्यात तो कडुनिंबाखाली चार पावसाळे उभा होता. बॉनेटखाली चिमण्यांनी घरटे केले होते, मागच्या डाव्या टायरला बोट जाईल एवढ्या चिरा पडल्या होत्या आणि बॅटरीच्या पेटीत बॅटरीऐवजी नारळाची एक करवंटी सापडली. तरीही सौदा केला, कारण पंख्याचा पट्टा दोन्ही हातांनी ओढल्यावर इंजिन फिरले. जाम झालेले इंजिन असते तर मी परत आलो असतो, आणि ज्यांना असा ट्रॅक्टर घ्यायचा असेल त्यांनीही परत यावे असेच मी सांगेन. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या मूळ मालकांनी २०१९ नंतर ते केलेच नव्हते, त्यामुळे नाव लावण्याआधी जळगावच्या परिवहन कार्यालयात ज्या खेपा घालाव्या लागल्या, त्या सौद्याच्या वेळी कोणी हिशेबात धरत नाही.

हाच ट्रॅक्टर का, याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. तो बनवणारी टॅफे ही चेन्नईची कंपनी १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली आणि १०३५ चा सांगाडा ब्रिटनमधील जुन्या मॅसी ३५ च्या वळणाचा आहे. तीन सिलिंडरचे सिम्पसनचे इंजिन मुळात पर्किन्सच्या आराखड्यावरचे आहे. सहा पुढचे आणि दोन मागचे गिअर. एकाही ठिकाणी संगणक नाही, सेन्सर नाही. घरात रिंग पान्यांचा एक पूर्ण संच, टॉर्क पाना, फिलर गेज, दोन चांगले जॅक आणि आंब्याच्या फांदीऐवजी लोखंडी तिकाटण्याला टांगलेली चेन कुप्पी (जड भाग उचलण्याची साखळीची कप्पी) एवढे असेल तर या ट्रॅक्टरचा बहुतेक भाग सुटा करता येतो. आमच्या मदतीला आलेले मिस्तरी सत्तरीच्या घरातले असून त्यांना सारा परिसर आबा म्हणतो. त्यांनी आयुष्यभर हेच ट्रॅक्टर खोलले असल्यामुळे कोणता बोल्ट कोणत्या लांबीचा, हे त्यांना न पाहता सांगता येते.

मी पहिल्या दिवशी रंगाचा विषय काढला. दुकानातून लाल रंगाचे नमुने आणून त्यांच्यापुढे मांडले. आबांनी ते बाजूला सारले आणि म्हणाले, “भाऊ, रंगनं मंग दखू. पहिले लिफ्ट.” त्या वेळी मला ते थोडे लागले. आता वाटते की या ट्रॅक्टरबद्दल याहून नेमके काही सांगता येणार नाही.

लिफ्टविषयी, म्हणजे मागे जोडलेले अवजार तेलाच्या दाबावर उचलणाऱ्या यंत्रणेविषयी, म्हणूनच जरा विस्ताराने लिहितो. हॅरी फर्ग्युसन या अभियंत्यांची जी रचना या घराण्याच्या सर्व ट्रॅक्टरांत आहे, तिच्यात अवजार नुसते उचलले जात नाही. नांगर कठीण जागेत शिरला की टॉप लिंकवर, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्यावर, दाब येतो, तो दाब मागच्या मोठ्या स्प्रिंगला जातो आणि स्प्रिंगच्या हालचालीने आतला वॉल्व्ह उघडून लिफ्ट नांगराला किंचित वर घेते. जागा मऊ लागली की नांगर पुन्हा खाली बसतो. तापीकाठच्या काळ्या कपाशीच्या रानात, जेथे नांगराच्या एकाच ओळीत आधी भुसभुशीत आणि दहा पावलांवर दगडासारखी जमीन लागते, तेथे हे बिघडलेले असेल तर चालकाला दिवसभर लिव्हरवर हात ठेवून बसावे लागते. बाजारात जुना ट्रॅक्टर बघायला जाणारे लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, धुराचा रंग पाहतात. टॉप लिंक जोडण्याची कडी हाताने पुढे-मागे हलवून स्प्रिंगला ढिलाई आहे का, हे तपासणारा मला आजवर एकही भेटलेला नाही. ही कडी हलता कामा नये. आमची चांगलीच हलत होती.

लिफ्टची दुसरी तक्रार अशी होती की उचललेले अवजार इंजिन बंद केल्यावर काही क्षणांत खाली बसत असे. याचे कारण शोधण्याची आबांची पद्धत मला फार आवडली. त्यांनी आधी थोडे तेल काढून घेतले, मागच्या हाउसिंगचे बाजूचे झाकण उघडले, लिफ्टवर वजन ठेवून इंजिन चालू करायला लावले आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहात राहिले. लिफ्टच्या सिलिंडरच्या तोंडातून तेलाची बारीक, अखंड धार गळत होती. म्हणजे पंप ठीक होता आणि दोष पिस्टनच्या सीलचा होता. पंप या ट्रॅक्टरात मागच्या हाउसिंगच्या तळाशी तेलातच बुडालेला असतो, आणि हे न पाहता तो काढायला गेलो असतो तर आठवडा वाया गेला असता. वरचे लिफ्ट कव्हर सीटसकट उचलायला मात्र चेन कुप्पीच हवी. दोन माणसांच्या बळावर ते करू नये, आणि वजन वर असताना त्याखाली हात घालू नये हे तर वेगळे सांगायला नको.

इंजिनाचे काम तुलनेने सरळ झाले. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येत होता, तेल पीत होते, तेव्हा लाइनर (ज्या नळीत पिस्टन फिरतो ती) आणि पिस्टनचा नवा संच ठरलेलाच होता. ब्लॉक आणि क्रँक जळगावला मशीनशॉपमध्ये दिले. क्रँक मोजल्यावर स्टँडर्डच, म्हणजे मूळ मापाचा, निघाला, नुसते पॉलिश पुरले. लाइनर तेथेच प्रेसवर बसवून घेतले, वॉल्व्हच्या सीट कापून घेतल्या. बाकी सारे घरी. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी आबांनी प्रत्येक रिंग लाइनरमध्ये टाकून, पिस्टनच्या डोक्याने ती सरळ खाली ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायला लावली. नऊपैकी एका रिंगेची फट इतरांपेक्षा दुपटीने जास्त निघाली. संचाचा डबा सीलबंद होता, त्यावर नावाजलेल्या कंपनीची छापील चिठ्ठीही होती. रिंग बदलून मिळाली, पण डब्यावर विश्वास ठेवून इंजिन बांधले असते तर पुन्हा खोलावे लागले असते. वॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची फट थंड इंजिनात ०.३० मिलिमीटर, आबांच्या भाषेत बारा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), ठेवली.

डिझेल पंपाला आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला घरी हात लावला नाही आणि कोणी लावू नये. त्यातील भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की धुळीचा एक कणसुद्धा पुरतो. ते धुळ्याला चाचणीच्या बाकावर तपासून आणले, आणि या एका सेवेबद्दल माझी काहीही तक्रार नाही: दिलेल्या दिवशी मिळाले, जुने काढलेले भाग पिशवीत घालून परत दिले, आणि इंजिनाने पहिल्या दहा मिनिटांनंतर काळा धूर सोडला नाही. एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढण्याचे काम मात्र प्रत्येक मालकाने स्वतः शिकून घ्यावे. फिल्टरच्या स्क्रूपासून सुरुवात करावी, मग पंप, मग नोझलच्या नळ्या. बुडबुडे संपून स्वच्छ डिझेल आल्याशिवाय पुढच्या नटाला हात लावू नये.

येथे खान्देशातल्या एका जुन्या खोडीबद्दल लिहिले पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की इंजिन गरम होते म्हणून मिस्तरी थर्मोस्टॅट काढून टाकतात. याही ट्रॅक्टरातला काढलेलाच होता. थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन सकाळी आणि हिवाळ्यात कधीच नीट तापत नाही, आणि थंड इंजिन जास्त झिजते. गरम होण्याचे खरे कारण रेडिएटरच्या जाळीत होते: कपाशीचा कचरा आणि गवताचे कुसळ एवढे घट्ट बसले होते की आरपार उजेड दिसत नव्हता. ती मागच्या बाजूने पाणी मारून साफ केली, नवा थर्मोस्टॅट बसवला, तेलाच्या एअर क्लीनरची वाटी धुऊन नवे तेल भरले. त्या वाटीत दोन बोटे गाळ होता. गेल्या महिन्यात भर दुपारी रोटाव्हेटर चालवूनही काटा मधल्या खुणेच्या पुढे गेला नाही.

आता सुट्या भागांच्या बाजाराबद्दल. या ट्रॅक्टराचे सगळे भाग मिळतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. एचएमटीचे जुने ट्रॅक्टर घेणाऱ्यांची आता जी पंचाईत होते, ती येथे नाही. पण सगळे मिळते याचाच दुसरा अर्थ असा की नकली मालही सगळा मिळतो. तालुक्याच्या एका दुकानातून घेतलेले मागच्या चाकाच्या एक्सलचे ऑइल सील आठ दिवसांत गळले, तेल ब्रेकच्या लायनरवर उतरले आणि बांधावरून खाली येताना डावा ब्रेक लागलाच नाही. सुदैवाने ट्रॉली जोडलेली नव्हती. दुकानदारांनी सील बदलून दिले, तेलात भिजलेल्या लायनरची जबाबदारी मात्र घेतली नाही. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण तोच माल इतर पाच दुकानांत होता. पंचवीस-पन्नास रुपये वाचवण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे ऑइल सील.

रंगकामाला अखेर मे उजाडला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ट्रॅक्टर शेतात न्यायचा असे मी घरी कबूल केले होते. ते हुकले, मृगाच्या आधी मात्र झाले. डिझेल आणि तारेच्या ब्रशने सगळा चिकटा काढला, गंजलेल्या पत्र्यावर प्राइमरचे दोन हात, वर पीयू (पॉलियुरेथेन) लाल रंग, आणि इंजिन-गिअरबॉक्सला मूळचा करडा. पत्राकाम करणाऱ्या भावांनी बॉनेटचा मोठा पोचा काढला, लहान मुद्दाम ठेवायला सांगितला, कारण तो मूळ मालकांच्या बैलाने मारलेल्या धडकेचा आहे असे कळले. ग्रीस निपलवर रंग बसू देऊ नये. आम्ही तीन ठिकाणी बसू दिला आणि नंतर सुईने टोकरत बसलो.

सजावटीबद्दल माझे मत गावातल्या तरुण मंडळींना पटत नाही. जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवणे, मागे कामाचे एलईडी दिवे लावणे, पुढे वजनाचा बंपर आणि वर उन्हाचे छत घालणे हे सारे उपयोगाचे आहे. विशेषतः अल्टरनेटर, कारण इंजिन हळू चालत असताना डायनामो बॅटरी भरत नाही. सोफा सीट, चार स्पीकर आणि बहुसुरी हॉर्न मात्र मी नाकारले. असा हॉर्न मोटार वाहन नियमांत मुळातच बसत नाही आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीविना करण्यास १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. पुतण्याचा आग्रह होता की पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरही मिरवायचा. त्याच्यासाठी समोर पितळेची एक घंटा बांधली आहे. तिला परवानगी लागत असेल असे वाटत नाही.

खर्चाचा हिशेब असा: ट्रॅक्टर ९०,००० रुपये, इंजिन आणि पंप मिळून ५२,०००, लिफ्ट फक्त ९,०००, मागचे दोन १२.४-२८ टायर ३४,०००, रंग व पत्रा २१,०००, किरकोळ १४,०००. आबांनी मजुरी घेतली नाही म्हणून ती यात नाही. बाहेर करून घेणाऱ्यांनी ती धरावी. याच पैशांत दहा वर्षे जुना, चालू स्थितीतला लहान ट्रॅक्टर मिळाला असता हे खरे आहे, आणि ज्यांना फक्त शेती करायची आहे त्यांनी तोच घ्यावा. ज्यांना खोलण्यात रस आहे, हाताशी जाणता मिस्तरी आहे आणि एक हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठी १०३५ सारखा दुसरा ट्रॅक्टर मला दिसत नाही. मात्र पहिले नऊ हजार लिफ्टवर घालावेत.

उणिवा राहिल्या आहेत. स्टिअरिंगला अजून थोडी ढिलाई आहे, दुसरा गिअर उतारावर कधीकधी सुटतो, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून दिवसाला चार-पाच थेंब तेल पडते. तेथे पोहोचायचे तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो, आणि पेरणीच्या तोंडावर आबाही त्याला तयार नाहीत. दसऱ्यानंतर ते काम काढायचे ठरले आहे. तोवर रात्री त्याच्याखाली पत्र्याचा डबा ठेवतो.