सरकारी रुग्णालयाची ओपीडी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आईचे मधुमेहाचे उपचार काही महिन्यांपासून सरकारी रुग्णालयात चालू आहेत. आधी निकाल सांगतो: उपचार चांगले, रांग जीव काढणारी. आणि सगळ्यात मोठी रांग डॉक्टरांच्या दारात नसते.

केसपेपर, उपाशीपोटी रक्त, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त, रिपोर्ट, डॉक्टर, शेवटी औषधं. प्रत्येक ठिकाणी वेगळा नंबर. डॉक्टर नीट वेळ देतात, चप्पल काढायला लावून आईचे तळपायही बघतात. खरी कोंडी औषधांच्या खिडकीशी होते. तिथे दोन खिडक्या आहेत, पण एक कायम बंद. दुसरीवर एकटी फार्मासिस्ट चिठ्ठी वाचते, पट्टीतून मोजून गोळ्या कापते, रजिस्टरमध्ये नोंद करते आणि कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना ‘ही जेवणाआधी’ हे पुन्हा पुन्हा सांगते. तिने सांगणं थांबवलं तर रांग झरझर सरकेल, पण चुकीची गोळी पोटात जाईल. तिने ते कधीच सोडू नये.

माणूस कमी पडला की रांग किती फुगते, याचं गणित भयंकर आहे. रांगांच्या शास्त्रातलं अगदी साधं सूत्र घ्या. एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटं लागतात आणि खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात आहे, तर सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर ५४ मिनिटं. ९५ टक्क्यांवर ११४! त्यामुळे ‘एकच तर पद रिक्त आहे’ हे उत्तर मला पटत नाही.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. तातडीच्या विभागातल्या ९५ टक्के रुग्णांना ४ तासांत तपासून दाखल करायचं, दुसरीकडे पाठवायचं किंवा घरी सोडायचं, हे इंग्लंडचं उद्दिष्ट २०१५ नंतर देशपातळीवर गाठलं गेलेलं नाही.

दुसऱ्या खिडकीसाठी मी लेखी अर्ज दिला. पद मंजूर आहे, भरती व्हायची आहे, असं उत्तर मिळालं. तोवर निदान एक करता येईल. एचआयव्हीच्या स्थिर रुग्णांना ३ ते ६ महिन्यांची औषधं एकदम द्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. साखर आटोक्यात असलेल्यांनाही तशी दिली, तर नुसत्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येणारी कितीतरी माणसं त्या रांगेतून कमी होतील. पुढचा अर्ज त्यासाठीच देणार आहे. ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत, त्यांनीही आपापल्या रुग्णालयात द्यावा.