जुन्या ग्यूझच्या नावाखाली घेतलेल्या सहा बाटल्या

ब्रुसेल्सच्या नैर्ऋत्येला, पायोटनलँडमधल्या एका बंद पडलेल्या कॅफेच्या तळघरातून निघालेल्या म्हणून मी ग्यूझ या आंबट बेल्जियन बिअरच्या सहा बाटल्या ७२० युरोंना विकत घेतल्या. त्या तीस वर्षांच्या असल्याचे मला सांगण्यात आले होते. नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये येऊन लॅम्बिकचा नाद लागलेल्या मराठी मित्रांनी तरी सावध राहावे, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहितो.

लॅम्बिक ही मुद्दाम यीस्ट न घालता, उथळ हौदात रात्रभर थंड होताना हवेतून येणाऱ्या आणि पुढे लाकडी पिंपात असलेल्या जंतूंवर आंबणारी गव्हाची बिअर आहे. वेगवेगळ्या वयाच्या, साधारणतः एक ते तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवले की तिची ग्यूझ होते, आणि चांगली ग्यूझ थंड तळघरात वीस वर्षेही सहज टिकते. १९९७ पासून युरोपीय संघाचे संरक्षण असलेल्या 'औदे ग्यूझ' या नावातील 'औदे' म्हणजे 'जुनी' हे विशेषण मात्र जुन्या पद्धतीला लागू आहे, बाटलीच्या वयाला नव्हे. गेल्या महिन्यात भरलेली बाटलीही औदे ग्यूझच असते.

विक्रेत्याने, कॅफे आपल्या मामांचा होता आणि माल बीरसेलच्या ड्री फॉन्टेनेन या ग्यूझ बनवणाऱ्या ब्रुअरीचा आहे, असे सांगितले. मे २००९ मध्ये तेथील तापमान नियंत्रक बिघडून हजारो बाटल्या तापल्या, काही फुटल्या आणि नासलेल्या बिअरची पुढे दारू गाळावी लागली, हे या छंदातल्या सर्वांना ठाऊक आहे. मामांनी त्याआधीच पेट्या उचलल्या होत्या, असे तो म्हणाला. खऱ्या घटनेच्या खांद्यावर बसवलेली ही खोटी गोष्ट मला पटली. त्याने स्वयंपाकघरात एक बाटली माझ्यासमोर उघडली आणि ती निःसंशय जुनी होती: फेस मंद, आंबटपणा मुरलेला, वास वाळलेल्या गवताचा आणि जुन्या चामड्याचा. ती नमुन्यासाठीच राखलेली असावी, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

बाटल्यांवर लेबल नव्हते, फक्त चुन्याचा पांढरा फराटा होता. त्यात संशयास्पद काहीच नाही, कारण आडव्या ठेवलेल्या बाटलीची वरची बाजू ओळखू यावी म्हणून पूर्वी असा फराटा ओढत आणि लेबल पुष्कळदा लावतच नसत. परंतु वर्षानुवर्षे आडव्या पडलेल्या बाटलीवर धूळ वरच्याच बाजूला बसते आणि गाळ फराट्याच्या विरुद्ध कुशीत साचतो. माझ्या बाटल्यांवर धूळ चहूबाजूंनी सारखी होती आणि गाळ तळाशी गोल बसलेला होता. हे मी पाहिले, आणि गाडीतून आणताना गाळ हलला असेल अशी स्वतःचीच समजूत घातली. धुळीचे काय, याचा विचार करायला मी धजलो नाही.

दोन महिन्यांनी पहिली बाटली उघडली. पत्र्याच्या झाकणाखालचे बूच बाहेर पडताच अळंबीसारखे फुलले; खरे जुने बूच इतकी वर्षे दाबलेले राहते की बाहेर येऊनही सरळ आणि आक्रसलेलेच असते. त्यावर भलत्याच उत्पादकाचे नाव आणि २०२१ हे साल छापलेले होते. चव कैरीसारखी करकरीत आंबट होती. उरलेल्या पाच बाटल्यांच्या मानेवर विजेरीचा प्रकाश टाकला, तेव्हा हिरव्या काचेतून तीनमध्ये तेच अक्षर स्पष्ट वाचता आले. ही तपासणी त्याच्या स्वयंपाकघरात अर्ध्या मिनिटात झाली असती. बाटलीच्या तळावरील साच्याचे आकडे मात्र मी तेथे कौतुकाने वाचले होते, आणि ते निरुपयोगी आहेत, कारण या भागात जुन्या शॅम्पेनच्या बाटल्या पुन्हा वापरण्याची पद्धत होती.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. रक्कम रोख दिलेली, पावती नाही, लेबल नाही. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, पण बाटलीत जे भरले होते ते खरी ग्यूझच असल्याने 'मग फसवणूक नेमकी कशाची?' या त्यांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे लागले. उरलेल्या बाटल्या मी गेल्या हिवाळ्यात मित्रांसह संपवल्या. बारा युरोंची बिअर म्हणून ती उत्तम होती. जुनी ग्यूझ प्यावीशी वाटली की हल्ली मी पायोटनलँडमधल्याच आयझरिंगेन गावच्या कॅफेत जातो, जिथे ती वेताच्या टोपलीत आडवी येते आणि बूच माझ्यासमोर निघते.